कमरेचं माप निसर्गानं ठरवलेलं नाही

‘सौंदर्याचं शास्त्रीय सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर दिवाळीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीनदा आला. आधी माहेरच्या ग्रुपवर, मग शिक्षकांच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्यांदा माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून. पहिल्या दोन्ही वेळा मी गप्प बसले. तिसऱ्या वेळी त्या बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, हे वर्गात वाचून दाखवा. मुली उगाच जाहिरातींना नावं ठेवतात.’ त्यांची मुलगी दोन महिने डबा न उघडता घरी नेत होती. ते मला माहीत होतं, त्यांना बहुधा नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तो मजकूर मी वर्गात वाचला नाही, पण घरी बसून पेन्सिल घेऊन तीनदा वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सडपातळ बांधा आणि उजळ कांती यांची आवड माणसाला निसर्गानं दिली आहे. सिनेमा, जाहिराती, मोबाइल हे फक्त आरसे आहेत. गोऱ्या रंगाचं कौतुक आपल्या संस्कृतीतच आहे. बायकांच्या शरीराला नावं बायकाच ठेवतात. बारीक माणूस निरोगी असतो. पुरुषांना असला त्रास नसतो. आणि जाड माणसाला तोंडावर बोललं की तो सुधारतो, ‘आहे तशी छान आहे’ म्हणून लाडावलं की बिघडतो.

यात काही अर्धसत्यं आहेत, म्हणून तर तो मजकूर पटतो. एकेक मुद्दा घेते.

‘बारीक कंबर सगळ्या जगाला आवडते, ती निसर्गाची निवड आहे’

इथे मजकुरात ०.७ हा आकडा दिला आहे आणि पुढे ‘अमेरिकन संशोधन’ एवढंच लिहिलं आहे. संशोधन खरं आहे. टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी ते १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. कमरेच्या घेराला नितंबांच्या घेरानं भागायचं. उत्तर ०.७ च्या आसपास आलं की ती आकृती पुरुषांना जास्त आकर्षक वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी त्यांनी रेखाचित्रं दाखवून मतं घेतली. प्रत्यक्ष मापंही तपासली, पण ती कुणाची? ‘मिस अमेरिका’ स्पर्धा जिंकलेल्या मुलींची आणि ‘प्लेबॉय’ मासिकातल्या मॉडेल्सची. निसर्गाच्या बाजूनं उभा केलेला हा साक्षीदार सौंदर्यस्पर्धेतून आणि मासिकातून आलेला आहे, हे मजकूर लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

शिवाय ०.७ हे गुणोत्तर आहे. कंबर ६३ सेंटिमीटर आणि नितंब ९० असले तरी उत्तर ०.७, आणि कंबर ८४ व नितंब १२० असले तरी उत्तर ०.७ च. सातवीतल्या मुलांना हे गणित येतं. या आकड्यातून ‘बारीक व्हा’ असा आदेश निघतच नाही. तो मजकुरानं आपल्या पदरचा घातला आहे.

आणि ‘सगळ्या जगाला’ हेही खरं नाही. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांचा एक छोटा लेख आला. पेरू देशातल्या जंगलात मात्सिगेंका नावाचे आदिवासी राहतात. बाहेरच्या जगाशी जवळजवळ संबंध नसलेल्या त्यांच्या गावात या दोघांनी तशीच चित्रं दाखवली. तिथल्या पुरुषांनी भरल्या अंगाच्या, कमरेचा बाक फारसा नसलेल्या बायकांची चित्रं पसंत केली. बारीक कमरेच्या बायका त्यांना आजारी वाटल्या. पण त्याच लोकांतले जे बाहेरच्या जगाच्या जास्त संपर्कात आले होते, त्यांची पसंती अमेरिकन उत्तराकडे सरकलेली होती. रक्त तेच, जंगलही तेच. बदलला होता तो शेजार.

पेरूपर्यंत जायची गरजही नाही. आपली भाषा बघा. माझी आजी कुणाचं वजन वाढलं की म्हणायची, ‘तब्येत सुधारली हो!’ ही स्तुती होती. ‘अंग भरलं’ ही स्तुती. ‘खात्यापित्या घरची दिसते’ हे सुनेबद्दलचं चांगलं मत. उलट ‘वाळलीस गं’, ‘हडकलीस’, ‘गालफडं बसली’ हे सगळं काळजीचं बोलणं. बाळानं बाळसं धरलं की दृष्ट काढायची, आणि गावोगावी गुटगुटीत बालक स्पर्धा व्हायच्या. ज्या समाजात दुष्काळ, साथी आणि बाळंतपणातले मृत्यू डोळ्यांसमोर घडत होते, त्या समाजाला भरलेलं अंग सुंदर वाटणं साहजिक होतं. तीच आजी आज असती आणि नातीला ‘तब्येत सुधारली’ म्हणाली असती, तर नात रात्री जेवली नसती. शब्द तोच राहून त्याचा अर्थ दोन पिढ्यांत उलटा झाला. निसर्गाला एवढी घाई नसते.

आजीच्या काळाचं सोनं करायचा माझा हेतू नाही. भरल्या अंगाचा आदर्शही क्रूर होऊ शकतो. आफ्रिकेतल्या मॉरितानिया देशात मुलींना लग्नाआधी जाड करण्यासाठी लहानपणी बळजबरीनं दूध आणि धान्य भरवण्याची प्रथा आहे. तिथे खायला लावून छळ, इथे न खाता छळ. दोन्हीकडे शरीर मुलीचं आणि माप दुसऱ्याचं.

‘माध्यमं फक्त आरसा दाखवतात’

या वाक्याला सर्वांत चांगलं उत्तर फिजी बेटांवरून मिळतं.

फिजीतल्या समाजात धिप्पाड, भरलेलं शरीर हे घरच्यांनी आपली नीट काळजी घेतल्याची खूण मानलं जाई. जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘ये, जेव’ म्हणून हाक मारायची रीत आपल्यासारखीच. भूक मंदावणं हा तिथे आजार समजला जाई आणि त्याला स्वतंत्र नावही आहे. १९९५ मध्ये नाद्रोगा प्रांतात टीव्ही आला. त्याच सुमारास हार्वर्डच्या संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींची केली. खाण्याच्या सवयी धोकादायक पातळीवर पोहोचलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये त्यांचं प्रमाण ११.३ टक्के होतं. ‘आपण फार जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं’ असं दुसऱ्या पाहणीत ७४ टक्के मुलींनी सांगितलं.

ही पाहणी लहान होती, दोन्ही वेळा साठ-पासष्ट मुलींची. तीन वर्षांत फिजीत टीव्हीखेरीज दुसरंही काही बदललं असेल. तेवढं मान्य करूनही मला एक प्रश्न विचारायचा आहे. आरशात तेच दिसतं जे समोर असतं. फिजीतल्या मुलींच्या समोर, घरात, गावात, चर्चमध्ये भरल्या अंगाच्या आया-मावश्या होत्या. मग त्या ‘आरशात’ परदेशी मालिकांतल्या काटकुळ्या नट्या कुठून आल्या?

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बायकांनी कसं दिसावं, साडी कशी नेसावी, गजरा कुठे माळावा, कसं चालावं, कसं लाजावं, हे कुणाकडे बघून ठरत होतं? एका पुरुषाकडे. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९११ मध्ये त्यांनी साकारलेली ‘मानापमाना’तली भामिनी रंगभूमीवर आली, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांची नेसण आणि केशरचना पाहायला जात आणि घरी येऊन तशीच करत. त्या काळात कुलीन बाईनं रंगमंचावर जाणं पाप समजलं जाई. त्यामुळे बाईपणाचा सर्वमान्य नमुना बाईच्या शरीराविनाच तयार झाला.

मी बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या घरात वाढले. त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच हे उदाहरण मला निर्णायक वाटतं. पुरुषानं उभी केलेली स्त्री पाहून हजारो स्त्रिया स्वतःला घडवतात, तेव्हा रंगमंचाला आरसा कसं म्हणायचं? तो साचा होता. सुंदर होता, मोलाचा होता, पण साचाच होता. पुढे बोलपट आले, पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या, आणि साच्याबरोबर दुकानही आलं. लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, त्या साबणाचा चेहरा झालेली पहिली भारतीय नटी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तिथून पुढे नटीची कांती ही विकत मिळणारी गोष्ट झाली. भामिनीची नेसण बघून घरी साडी नेसायला पैसे पडत नव्हते.

१९९० नंतरचा काळ माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या. त्यानंतर २८ वर्षं कुणी नाही. मग १९९४, १९९७, १९९९, २०००, असा मुकुटांचा पाऊस. याच वर्षांत परदेशी प्रसाधन कंपन्यांना भारताची बाजारपेठ खुली झाली होती. कारण-परिणाम मी सिद्ध करू शकत नाही, पण भारतातल्या मुली १९९४ साली अचानक सुंदर झाल्या, यावर माझा विश्वास नाही. २००८ मध्ये ‘साइझ झीरो’ हा शब्द एका नटीच्या एका सिनेमातल्या बांध्यामुळे घराघरांत गेला. त्याआधी आमच्या तालुक्यात तो कुणी ऐकलाही नव्हता. दोन वर्षांत शिंप्याकडे मापं द्यायला आलेल्या कॉलेजच्या मुली तो सहज उच्चारत होत्या.

आता मोबाइलचं. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं तिथल्याच कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणली. कंपनीच्या स्वतःच्या संशोधनात लिहिलं होतं की ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यातल्या ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्रामनं आणखी वाईट वाटायला लावलं. हे कंपनीच्या विरोधकांनी काढलेलं मोजमाप नाही, कंपनीचं आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल, तर तसं छायाचित्रावर लिहावं लागतं. आरशावर अशी सूचना लिहायची वेळ कुठल्याच सरकारवर आलेली नाही.

‘गोऱ्या रंगाचं कौतुक आपल्या संस्कृतीतच आहे’

निम्मं खरं. गोरेपणाचं वेड जाहिरातींनी शून्यातून निर्माण केलं, असं मी म्हणणार नाही. ऊन लागणारी कामं कुणी करायची आणि सावलीत कुणी बसायचं, हे जातीनं ठरत होतं, आणि रंगाचा मान त्या उतरंडीला चिकटून आला. स्थळाच्या पत्रातले ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘गोरी, सुस्वरूप, सडपातळ’ हे शब्द टीव्हीच्या कितीतरी आधीचे आहेत.

पण संस्कृतीचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. विठ्ठल काळा आहे, आणि त्याच्या सावळ्या रूपावर संतांनी सातशे वर्षं अभंग गायले. राम सावळा, कृष्ण सावळा. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, ते तिच्या रंगावरून, आणि महाभारतात तिच्या रूपाची बरोबरी दुसरी कुणी करत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत गडद वर्णाच्या स्त्रिया चित्रकारांनी तितक्याच प्रेमानं रंगवल्या आहेत. संस्कृतीत दोन्ही धागे होते. त्यातला एकच उचलून त्याचा दोर वळायचं काम बाजारानं केलं.

ते कसं केलं, तेही नोंदलेलं आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या जाहिरातींची गोष्ट अनेक वर्षं एकच होती: सावळी मुलगी, खालची मान, हुकलेली नोकरी किंवा मोडलेलं लग्न. मग ट्यूब, मग उजळ चेहरा, मग यश. २००५ मध्ये इमामीनं पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणली. २०१४ मध्ये जाहिरातींचं नियमन करणाऱ्या भारतीय परिषदेला लेखी नियम करावा लागला की रंगावरून कुणालाही कमी लेखणारी, सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवणारी जाहिरात चालणार नाही. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ हा शब्दच गेला आणि ‘ग्लो’ आला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं, ग्राहकांनी आवाज उठवल्यावर, रंगानुसार स्थळं चाळायची सोय काढून टाकली. निसर्गानं दिलेली आवड असती तर ती एका ऑनलाइन अर्जावर हलली नसती.

यातली माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. बिननावाच्या, स्वस्त, ‘सात दिवसांत गोरेपणा’वाल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, कधी पारा असतो. स्टेरॉइडनं चेहरा आठवडाभर उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून मुलगी ते थांबवत नाही. पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडतात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या रुग्णांमागे अशीच क्रीमं सापडली. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या गालांवर तसली लाली मी पाहिली आहे. ‘मेडिकलमधून आणलं, चिठ्ठी लागत नाही’ असं त्या म्हणाल्या. २०१८ पासून अशा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची आहे.

‘बायकाच बायकांना नावं ठेवतात’

ठेवतात. ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ हे मला आईनंच सांगितलं होतं, बाबांनी नाही. पण ती का सांगत होती? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीच्या रंगाचा आणि अंगाचा हिशोब होतो आणि तो हुंड्याच्या आकड्यात उतरतो, हे तिनं तिच्या बहिणींच्या लग्नांत पाहिलं होतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण व्यवहार चालूच राहिला. आई बाजारभाव ओळखून होती. भाव तिनं ठरवला नव्हता.

बेकर यांच्या गटाचं २०११ मधलं पुढचं संशोधन इथे उपयोगी पडतं. फिजीत त्यांना दिसलं की मुलीच्या स्वतःच्या घरात टीव्ही आहे का, यापेक्षा तिच्या मैत्रिणी काय पाहतात याचा संबंध तिच्या बिघडलेल्या खाण्याशी जास्त आहे. म्हणून ‘आमच्या घरी टीव्ही नाही, मुलीला मोबाइल दिलेला नाही’ एवढ्यानं पालकांनी निर्धास्त होऊ नये. मधल्या सुट्टीत वडाखाली बसलेल्या पाच मुलींतल्या एकीकडे मोबाइल असला तरी पुरतो.

‘पुरुषांना असला त्रास नसतो’

हे वाक्य लिहिणाऱ्यानं अलीकडे जिममध्ये पाऊल टाकलेलं नसावं. खाशाबा जाधव आमच्या जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. तालमीतल्या लाल मातीत जोर-बैठका मारून तयार झालेल्या पैलवानाच्या पोटाला सहा कप्पे असायलाच हवेत, असं कुणी म्हणत नव्हतं. शरीर काय करू शकतं ते बघत. २००७-०८ च्या सुमारास हिंदी सिनेमात सिक्स पॅक आला आणि मग एट पॅकही आला. तेव्हापासून मुलगे शरीर कसं दिसतं ते बघू लागले. पडद्यावरचं ते पोट दिग्दर्शक, प्रकाशयोजना आणि शूटिंगआधी कमी केलेलं पाणी यांनी मिळून काही तासांपुरतं दिसतं, हे सोळा वर्षांच्या पोराला कोण सांगणार? तो डब्यातली पावडर घेतो, आणि कुणीतरी ‘कोर्स कर’ म्हटलं की स्टेरॉइडची सुईसुद्धा घेतो.

अमेरिकेत १९९९ मध्ये हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी ‘जी. आय. जो’ या सैनिक बाहुल्याची मापं पूर्ण माणसाच्या उंचीला ताणून पाहिली. १९७० च्या दशकातल्या बाहुल्याचा दंड सुमारे १२ इंच भरला. नव्वदीतल्या एका मॉडेलचा जवळपास २७ इंच, म्हणजे कुठल्याही शरीरसौष्ठवपटूलाही न जमणारा. मुलगे रडत नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही असं आपण समजतो.

‘बारीक म्हणजे निरोगी’

हा मुद्दा सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो आरोग्याचा शर्ट घालून येतो. आणि याचं सर्वांत नेमकं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचं एक छायाचित्र छापलं. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. वजनकाट्यावर आणि आरशात न दिसणारी ही चरबी भारतीयांना तरुणपणी मधुमेहाकडे नेते. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेतली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातल्या अवयवांची वाढ कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकलेली. ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना इथून जगभर गेली.

याचा अर्थ लक्षात घ्या. कमी खाल्लेल्या, रक्तक्षय झालेल्या आईच्या पोटातूनच हा धोका सुरू होतो. आज वर्गात डबा न उघडणारी पंधरा वर्षांची मुलगी उद्या आई होणार असेल, तर तिची उपासमार तिच्यापाशी थांबत नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं आहे. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाहून कमी निघालं आणि २४ टक्क्यांचं जास्त. आपला देश एकाच वेळी दोन्ही टोकांना आजारी आहे. अशा देशात ‘बारीक म्हणजे निरोगी’ हे वाक्य फिरवणं मला बेजबाबदार वाटतं.

आणि बीएमआय हे तरी काय आहे? बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होते. १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधताना त्यांना वजन आणि उंचीच्या वर्गाचा संबंध सापडला. आजाराशी त्यांचा संबंध नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. डॉक्टरांना ते एक सोयीचं माप आहे. भारतीयांसाठी त्याच्या मर्यादा वेगळ्या धराव्या लागतात, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर स्थूलता, कारण वर सांगितलेली लपलेली चरबी. पण ते माप चेहऱ्यावर, चालण्यात, लग्नात किंवा गुणपत्रिकेत वापरायचं नसतं.

स्थूलतेनं मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी वाढते, यावर माझा मजकुराशी वाद नाही. पण पाळी सुरू झालेल्या मुलीच्या हाडांत चुना भरण्याची वर्षं मोजकी असतात. विशीपर्यंत जे साठेल ते साठेल. त्या वर्षांत ती दिवसाला एक पोळी खाऊन राहिली, तिची पाळी थांबली, तर त्याची किंमत ती साठाव्या वर्षी मोडलेल्या खुब्यानं चुकवते. तेव्हा तिचा सडपातळ फोटो उपयोगी पडत नाही.

‘तोंडावर बोललं की माणूस सुधारतो’

हे पटतं, कारण बोलणारा काळजीनं बोलतो अशी आपली समजूत असते. मोजून पाहणाऱ्यांना मात्र उलटं दिसलं. अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांचा चार वर्षांचा अभ्यास अँजेलिना सुटिन आणि अँतोनियो तेराचियानो यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं त्यांनी सांगितलं होतं, ते सुरुवातीला स्थूल नसले तरी पुढे स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या २,९४४ जणांच्या अभ्यासात तशी वागणूक मिळालेल्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं, न मिळालेल्यांचं ०.७१ किलो घटलं.

कारण कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. ज्या मुलीला ‘हत्ती’ म्हणतात, ती मैदानावर जाणं सोडते. पोहायला जात नाही, कारण पोशाख घालावा लागतो. सगळ्यांसमोर खात नाही, आणि मग संध्याकाळी एकटी असताना भुकेनं कासावीस होऊन जे मिळेल ते खाते. मी सातवीत असताना वार्षिक तपासणीच्या वेळी एका शिक्षकांनी माझं वजन रांगेपुढे मोठ्यानं वाचलं होतं. तो आकडा मला आजही पाठ आहे. त्या वर्षीच्या खो-खोच्या संघात माझं नाव होतं, आणि मी दुसऱ्या दिवसापासून सरावाला गेले नाही.

त्या आईंना मी मजकुराचं उत्तर पाठवलं नाही, घरी भेटायला गेले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोलता बोलता कळलं की दिवाळीत आत्यानं ‘या वर्षी ड्रेस एक नंबर मोठा घ्यावा लागला की’ असं म्हटलं होतं, एवढंच. आई गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं, डब्यात काय दिलं तर ती खाईल. मी म्हटलं, ते तिलाच विचारा. तिनं हळूच सांगितलं, थालीपीठ, पण दही वेगळ्या डबीत, नाहीतर ते मऊ पडतं.

जुलैमध्ये आमच्या शाळेत वजन-उंची घेतली. या वेळी काटा कपाटामागे ठेवला होता, एकेक मुलगी आत येत होती, आणि आकडा फक्त तिच्या कार्डावर लिहिला जात होता. नववीच्या रांगेत ती सहावी होती. काट्यावरून उतरली, कार्ड घेतलं, आणि आकडा न बघताच दप्तरात टाकून मैदानावर पळाली.